काटा वर चढतोय: रेडिएटर चोक झाला की हेड गॅस्केट गेलं?

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की जुन्या टर्बो डिझेल गाड्या गरम होऊन राहिल्या अशी तक्रार घरोघरी सुरू होते, आणि गॅरेजमध्ये दोनपैकी एक उत्तर मिळतं, रेडिएटर चोक आहे नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं. तापमानाचा काटा दोन्हीत वर जातो, कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) दोन्हीत बाहेर फेकलं जातं, म्हणून गफलत होते. माझ्या गाडीचा आधी रेडिएटर बदलला, मग वॉटर पंप बदलला, आणि तरी सावनेरच्या पुढे सिल्लेवानी घाटात ती उकळलीच. गॅस्केट होतं भाऊ.

फरक असा पाहा. रेडिएटर चोक म्हणजे इंजिनात गरमी नेहमीइतकीच तयार होऊन राहिली, फक्त बाहेर पडत नाही. गॅस्केट लीक म्हणजे सिलिंडरमधला जळता गॅस सरळ कुलंटमध्ये घुसतो. म्हणजे पहिल्यात आधी गरमी वाढते मग प्रेशर, आणि दुसऱ्यात इंजिन थंड असतानाच प्रेशर तयार होतं. हे एकदा डोक्यात बसलं की घरीच बरंच कळतं.

सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी घ्या. स्टार्ट करायच्या आधी वरचा होज पाईप (इंजिनातून रेडिएटरला जाणारा रबरी पाईप) दाबून पाहा, रात्रभर थंड होऊनही तो कडकच असेल तर संशय गॅस्केटवर. मग रेडिएटरची कॅप उघडा (फक्त पूर्ण थंड असताना, गरम इंजिनची कॅप कधीच नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं), स्टार्ट करा, कुलंटमध्ये सारखे बुडबुडे येत राहिले तर गॅसच. नुकतंच कुलंट बदललं असेल तर अडकलेली हवाही थोडा वेळ बुडबुडे देते, पण ती थांबते, गॅस थांबत नाही. पक्कं करायचं तर निळ्या लिक्विडची टेस्ट करायला सांगा, कुलंटवरचा गॅस त्यातून ओढतात, रंग हिरवट किंवा पिवळसर झाला म्हणजे गॅस आहे.

टर्बोमुळे घोळ वाढतो. शहरात हळू चालवताना बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) कमी, बारीक लीक गप्प बसतो. घाटात किंवा ओव्हरटेकला बूस्ट वाढला की सिलिंडरचं प्रेशर वाढतं आणि गॅस घुसतो, म्हणून काटा एकदम उडी मारतो. चोक रेडिएटरचा काटा हळूहळू चढतो, अॅक्सिलरेटर सोडला, एसी बंद केला की हळूहळू उतरतोही. आणि फक्त सिग्नलवर गरम होऊन हायवेवर ठीक असेल तर आधी फॅन पाहा.

ऑइल स्वच्छ आहे म्हणजे गॅस्केट ठीक, असं लई लोक धरून चालतात. चूक आहे. लीक सिलिंडर आणि पाण्याच्या जागेमध्ये असेल तर ऑइलला काहीच होत नाही.

रेडिएटरकडे शंका असेल तर आतूनच नाही, बाहेरूनही पाहा. बऱ्याच टर्बो गाड्यांत समोर इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा), एसी कंडेन्सर आणि रेडिएटर एकामागे एक असतात आणि मधल्या फटीत धूळ, किडे, पानं इतकी भरतात की हवाच जात नाही, बाहेरून मात्र जाळी चकाचक दिसते. आतला चोक बहुतेक वेळा बोअरच्या खाऱ्या पाण्याने होतो. गरम इंजिनवर जाळीचा काही भाग थंडच राहिला तर तिथल्या नळ्या बंद. कॅपही बदलून पाहा, ढिली कॅप प्रेशर धरत नाही आणि कुलंट लवकर उकळतं, स्वस्तात सुटणारी गोष्ट आहे.

आपल्याकडे थर्मोस्टॅट (गरमीप्रमाणे कुलंटचा रस्ता उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायची खोड आहे ना, ती करू देऊ नका. काटा काही दिवस खाली राहतो आणि तोवर बारीक लीक हेड वाकवून ठेवतो.

कुलंट कमी होतंय, पांढरा धूर येतोय, तरी हेड उतरवायच्या आधी ईजीआर कूलर (इंजिनात परत पाठवायचा धूर कुलंटने थंड करणारा भाग) तपासा. डिझेलमध्ये तो आतून फुटला तरी हुबेहूब गॅस्केटसारखंच दिसतं. आणि हेड उतरवलंच तर लेव्हल तपासून, प्रेशर टेस्ट करूनच बसवायला लावा, वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट टिकत नाही, आणि कंपनीने एकदाच वापरायचे सांगितलेले हेड बोल्ट असतील तर तेही नवेच घ्या.