हरित राजकोषीय धोरण

कर, अनुदाने व सार्वजनिक खर्च यांच्या आधारे प्रदूषण घटविण्याचे आणि हरित ऊर्जेचा वापर वाढविण्याचे शासकीय धोरण. कार्बन कर (कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनावरील कर), जीवाश्म इंधनांवरील अनुदानात कपात, सौर व पवन ऊर्जेला करसवलती ही त्याची परिचित साधने होत.

या धोरणाचे सैद्धांतिक श्रेय सामान्यतः ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर सेसिल पिगू यांच्या १९२० मधील ग्रंथाला दिले जाते. मात्र त्या विवेचनाचे बीज पिगू यांच्याच १९१२ च्या ग्रंथात आढळते आणि बाह्य परिणामांची (एखाद्या व्यवहाराच्या त्रयस्थांवर होणाऱ्या परिणामांची) कल्पना त्याहीआधी ॲल्फ्रेड मार्शल यांनी (१८९०) मांडली होती. तरीही खाजगी व सामाजिक लाभांतील तफावत कर किंवा अनुदानाने भरून काढावी, हा धोरणात्मक निष्कर्ष पिगू यांचाच मानणे अधिक सयुक्तिक ठरते. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये यावर आक्षेप घेतला : हक्क स्पष्ट असतील व वाटाघाटींचा खर्च नगण्य असेल, तर संबंधित पक्ष आपसांत तोडगा काढू शकतात. हवामानबदलात बाधित लोक अनेक देशांत विखुरलेले असतात, काहींचा तर जन्मही झालेला नसतो. त्यामुळे येथे हा आक्षेप बराच दुबळा पडतो. हानीचे अचूक मोजमाप अशक्य असल्याने आधी उत्सर्जनाची मर्यादा ठरवावी व ती गाठता येईल असा कर बसवावा, असे अर्थशास्त्रज्ञ बाउमोल व ओट्स यांनी १९७१ मध्ये सुचविले.

प्रदूषणावरील कराच्या उत्पन्नातून श्रमावरील कर कमी केल्यास दुहेरी लाभ होतो (प्रदूषण घटते व करपद्धतीचा अर्थव्यवस्थेवरील बोजाही हलका होतो), या मताचा उगमही वादग्रस्त आहे. काहीजण तो गॉर्डन टलॉक यांच्या १९६७ मधील लेखापर्यंत मागे नेतात. त्याला प्रचलित रूप डेव्हिड पिअर्स यांनी १९९१ मध्ये दिले. बोव्हेनबर्ग व डी मोइ (१९९४) यांच्या मते अशा कराने वस्तू महागतात, वास्तव वेतन (वेतनाची क्रयशक्ती) घटते व दुसरा लाभ बहुधा मिळत नाही.

पहिला कार्बन कर फिनलंडने १९९० मध्ये लावला, असे बहुधा मानतात. पोलंडची त्याच वर्षीची आकारणीही काही सूचींत आढळते. स्वीडनने १९९१ मध्ये आयकरातील कपातीबरोबर हा कर आणला. तेथील उद्योगांना दीर्घकाळ सवलतीचा दर होता; केवळ जाहीर दरांवरून देशांची तुलना करणे त्यामुळे फसवे ठरते. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये सुरू केलेली कार्बन-मूल्य आकारणी २०१४ मध्ये रद्द केली.

पवन व सौर प्रकल्पांना इंधनखर्च नसतो. जवळजवळ सारा खर्च उभारणीच्या वेळीच होतो. साहजिकच राजकोषीय तुटीमुळे व्याजदर चढल्यास त्यांना नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या वीजप्रकल्पांपेक्षा अधिक झळ बसते. जर्मनीच्या २००० च्या कायद्याने अशा विजेला साधारणतः २० वर्षांचा हमीदर (खरेदीचा निश्चित दर) दिला. त्याचा भार २०२२ पर्यंत मुख्यतः वीजग्राहकांवर होता, तिजोरीवर नव्हे. आधीच्या १९९० च्या कायद्यातील, वीजकंपन्यांवरील अशा विजेची खरेदीसक्ती हे शासकीय साहाय्य नव्हे, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २००१ मध्ये दिला होता. काटेकोर अर्थाने ही योजना राजकोषीय धोरणात मोडते का, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

उत्सर्जनाची एकूण मर्यादा आधीच निश्चित असेल (उदा., युरोपीय संघाची २००५ पासूनची परवाना-व्यापार पद्धती, जीत उत्सर्जनाच्या परवान्यांची खरेदी-विक्री होते), तर हरित ऊर्जेच्या अनुदानामुळे परवान्यांची मागणी घटून ते स्वस्त होतात, पण मर्यादा खाली आणल्याखेरीज एकूण उत्सर्जन फारसे घटत नाही. जर्मन अर्थशास्त्रज्ञ हान्स-व्हेर्नर झिन यांच्या मते भावी कडक करांच्या धास्तीने इंधनसाठ्यांचे मालक उपसा वाढवितात; हा परिणाम प्रत्यक्षात किती मोठा, याविषयी मतभेद आहेत.

सार्वजनिक खर्चाच्या बाबतीत एकूण रकमेपेक्षा तिची विभागणी महत्त्वाची ठरते : शिक्षण, संशोधन व विद्युत् पारेषण यांवरील खर्च आणि इंधन-अनुदान यांचे परिणाम परस्परविरोधी असू शकतात.