तळातला खेळाडू निघून गेला तर?

डोंबिवलीहून सीएसएमटीला निघालेल्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, तर ऑफिसला जाणारा एखादा जण बीजीएमआय या मोबाइलवरच्या नेमबाजीच्या गेमची एखादी मॅच कशीबशी खेळून घेतो. तिकडे अंधेरीत एक मुलगा रात्र रात्र जागून 'कॉन्करर' होण्यासाठी झटतोय. हा किताब सर्व्हरवरच्या पहिल्या ५०० जणांनाच मिळतो. गेम दोघांचा एकच. असे गेम फुकट मिळतात आणि स्किन (पात्राचे वेगवेगळे पोशाख), बॅटल पास (खेळत जाऊ तशी बक्षिसं उघडणारा पास) विकून वर्षानुवर्षं चालतात, म्हणून दोघांनीही पुन्हा पुन्हा यावं लागतं. या दोघांना एका छताखाली नांदवणं हे मला गेमच्या ग्राफिक्सपेक्षाही मोठं कौशल्य वाटतं. त्यामागे चांगलं भक्कम गणित आहे.

तोडीस तोड खेळाडू समोरासमोर आणण्याच्या या गणिताची सुरुवात बुद्धिबळात झाली. अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने खेळाडूंची ताकद एका आकड्यात, म्हणजे रेटिंगमध्ये, मांडण्याची एक पद्धत बसवली आणि १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती स्वीकारली. दोघांच्या रेटिंगमध्ये २०० चा फरक असेल, तर त्यांच्यातल्या डावांचे सरासरी ७६ टक्के गुण वरचढ खेळाडूला मिळतील असं हे सूत्र सांगतं. फरक ४०० चा असेल तर ९१ टक्के. निकाल अपेक्षेपेक्षा जितका वेगळा, तितकं रेटिंग जास्त हलतं. चौघांच्या स्क्वॉडला हे सूत्र जसंच्या तसं लागू पडत नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ट्रूस्किल ही पद्धत काढली. खेळाडू किती चांगला आहे, याच्या जोडीला आपला अंदाज किती कच्चा आहे हेही ती लक्षात ठेवते. नव्या खेळाडूबद्दलचा अंदाज कच्चा असतो, त्यामुळे पहिल्या काही मॅचमध्ये त्याची पातळी भराभर वरखाली होते.

दोघांच्या खेळात जोडी बरोबर लागली, तर प्रत्येकजण निम्म्या वेळा जिंकतो. बीजीएमआयसारख्या बॅटल रॉयलमध्ये, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकेल अशा खेळात, एकटे खेळणारे १०० जण उतरतात आणि जिंकतो एकच. सगळे अगदी तोडीस तोड असले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला शंभरात एक विजय येणार. नवखा माणूस एवढा धीर कुठून आणणार? म्हणून खालच्या रँकमध्ये संगणकाने चालवलेले बॉट मिसळतात. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये लहान भावाला लिंबूटिंबू म्हणून खेळायला घेतात, तसंच हे. पण तिथे तो लिंबूटिंबू आहे हे सगळ्यांना माहीत असतं. लॉबीत, म्हणजे एका मॅचसाठी जमलेल्या घोळक्यात, बॉट किती आहेत हे बहुतेक गेम सांगत नाहीत. मला हे पटत नाही. समोर माणूस आहे की यंत्र, हे कळण्याचा हक्क खेळाडूला असायलाच हवा.

बारा महिने सराव करणाऱ्यांची तक्रार वेगळी असते. 'आम्हाला सारखे तगडेच प्रतिस्पर्धी का? कोणालाही कोणाशीही भिडवा.' त्यांचं गाऱ्हाणं खोटं नाही, प्रत्येक मॅच फायनलसारखी खेळायची म्हणजे दमछाक होतेच. पण २०२४ मध्ये ॲक्टिव्हिजन या कंपनीने आपल्या 'कॉल ऑफ ड्यूटी' या नेमबाजीच्या गेममधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मॅच जुळवताना कौशल्याला दिलेलं वजन त्यांनी काही खेळाडूंपुरतं कमी केलं होतं. त्यांच्यातल्या ९० टक्के खेळाडूंचं परत येण्याचं प्रमाण घटलं. वाढलं ते फक्त सर्वांत तरबेज १० टक्क्यांचं. पहिल्या नजरेला वाटेल, तरबेजांचा तरी फायदा झाला. पण तळातले लोक गेले, की काल मधल्या फळीत असणारे आज तळाला येतात. आता मार त्यांना बसतो, मग तेही जातात. गळती अशी वर सरकत राहते आणि शेवटी तरबेज खेळाडूच एकमेकांसमोर उरतात, म्हणजे ज्याला कंटाळले होते नेमकं तेच.

योग्य जोडी शोधायला मात्र किंमत पडते. जवळपास तोडीचं कोणी नसेल, तर शोध दूरवर न्यावा लागतो. वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या केबल येऊन लागतात, त्यांच्यातून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. सिंगापूर मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. जाऊन-येऊन जवळपास ४० मिलिसेकंद निव्वळ अंतरातच जातात, प्रत्यक्षातला पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) त्याहून जास्तच.

कौशल्याचं झालं. वेळेचा प्रश्न वेगळा आहे आणि गेमवाले या दोहोंची फार गल्लत करतात. लोकलमधला माणूस नेमबाजीत कच्चा असेलच असं नाही, त्याच्याकडे फक्त तास कमी आहेत. २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेमच्या चाचणीत फार वेळ खेळणाऱ्याचे अनुभवगुण (ज्यांवर पात्राची पातळी वाढते ते गुण) निम्मे केले जायचे. लोक चिडले. मग निर्मात्यांनी तेच गणित उलटं मांडलं. निम्मे गुण नेहमीचे ठरवले आणि विश्रांती घेऊन आलेल्याला काही काळ दुप्पट गुण द्यायला लागले. आकडे जवळपास तेच, तरी तक्रारी थांबल्या. हातचं जाण्याचं दुःख मिळण्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं, हे कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. गेमने रोज नेमून दिलेली कामं चुकवली की बक्षीस बुडालं, अशी रचना करणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

'फोर्टनाइट' या बॅटल रॉयलने मार्च २०२२ मध्ये आणखी चांगली वाट काढली. भराभर भिंती उभारण्याचं कसब नवख्यांना झेपत नव्हतं, तेव्हा बांधकामाशिवायचा वेगळा मोड दिला आणि जुना तसाच ठेवला. सुरुवातीचे काही दिवस नेहमीच्या खेळात बांधकाम बंद होतं, पण शेवटी कोणाचं काही काढून घेतलं नाही. पण प्रत्येक नवा मोड गर्दीची आणखी एक वाटणी करतो. 'फोर्टनाइट'कडे वाटून उरेल इतकी गर्दी आहे. मोजके खेळाडू असलेल्या छोट्या गेमने असेच चार मोड उघडले, तर चारही ठिकाणी लॉबी भरायची वाटच बघत बसावं लागेल.