संपादकाविरुद्ध तक्रार: नाशिकच्या माध्यमांत काम करणाऱ्या महिलांनी अर्ज कुठे आणि कसा करावा

2018 मध्ये माजी संपादक आणि तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री एम. जे. अकबर यांच्यावर अनेक महिला पत्रकारांनी लैंगिक छळाचे आरोप केले. ते त्यांनी नाकारले, पण मंत्रिपद सोडावं लागलं. आरोप करणाऱ्यांपैकी एक, पत्रकार प्रिया रमाणी, यांच्यावर अकबर यांनी भरलेल्या बदनामीच्या खटल्यात फेब्रुवारी 2021 मध्ये न्यायालयानं रमाणींना निर्दोष सोडलं, आणि स्त्री कित्येक वर्षांनीही आपली तक्रार मांडू शकते, असं म्हटलं. ते योग्यच. पण कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या 2013 च्या कायद्याखाली (पॉश कायदा) अर्ज करायचा तर मुदत शेवटच्या प्रसंगापासून फक्त 3 महिने आहे. सबळ कारण दिल्यास तक्रार ऐकणारी समिती आणखी 3 महिने देऊ शकते. सोशल मीडियावर लोक बाजू घेऊन भांडत राहतात आणि इकडे हे दिवस सरतात, म्हणून अर्ज आधी द्या.

कायम, कंत्राटी, प्रशिक्षणार्थी, बिनपगारी इंटर्न, सगळ्यांना हा हक्क आहे. कुंभमेळ्याच्या बातमीसाठी ऑफिसच्या गाडीतून त्र्यंबकेश्वरला जाताना काही घडलं, तर ती गाडीही कामाचीच जागा.

संस्थेत 10 किंवा जास्त माणसं असतील तर अर्ज संस्थेतल्याच अंतर्गत समितीकडे. माणसं कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. त्यासाठी नाशिकच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात चौकशी करा. कार्यालयाचा कारभार आणि देखरेख ज्याच्या हाती, तोही कायद्यानं 'मालक' ठरू शकतो. ज्याच्या शब्दावर बातमी लागते किंवा पडते अशा संपादकाबद्दल तक्रार असेल, तर हा मुद्दा अर्जात जरूर लिहा. केंद्राच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार देता येते.

अर्ज लेखी, 6 प्रतींत. तारीख, जागा, नेमके शब्द लिहा. मेसेजचे स्क्रीनशॉट, ईमेल, ड्युटी चार्ट, साक्षीदारांची नावं-पत्ते जोडा. मूळ मेसेज फोनमधून पुसू नका. लिहिणं जमत नसेल तर समितीनं मदत करायची असते.

चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. तोवर बदली किंवा 3 महिन्यांपर्यंत रजा मागता येते, आणि ही रजा हक्काच्या रजेतून कापली जात नाही. नाशिकच्या पत्रकारितेत सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे नाव फुटण्याची भीती खरी आहे. पण नाव आणि अर्जातला मजकूर प्रसिद्ध करायला कायद्यानं बंदी आहे. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. समितीपुढे दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही. तडजोड फक्त तुम्ही मागितली तरच, आणि पैशांवर नाही.

पोलिसांत गुन्हा नोंदवण्याचा मार्ग वेगळा आहे. त्यासाठी समितीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही, आणि तुम्हाला गुन्हा दाखल करायचा असेल तर मालकानं मदत करणं बंधनकारक आहे.