व्यायामहेतू, रुग्णांचा

हृदयविकार, मधुमेह, संधिवात यांसारख्या दीर्घकालीन व्याधींच्या रुग्णाने नियमित व्यायाम करण्याचा मनाशी केलेला निश्चय. आरोग्य-मानसशास्त्रात वैद्याचा सल्ला आणि प्रत्यक्ष कृती यांच्यामधला दुवा म्हणून त्याचा अभ्यास होतो.

माणसाच्या वर्तनाच्या स्पष्टीकरणात हेतूला मध्यवर्ती स्थान मार्टिन फिशबाइन व आइसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञांनी दिले. त्यासाठी सामान्यतः त्यांचा १९७५ चा ग्रंथ प्रमाण धरतात. मुळे मात्र फिशबाइन यांच्या १९६० च्या दशकातील अभिवृत्तीविषयक (एखाद्या गोष्टीबद्दलच्या अनुकूल-प्रतिकूल कलाविषयीच्या) लेखनात दिसतात. व्यायामाविषयीची अभिवृत्ती आणि जवळच्यांची अपेक्षा या दोन घटकांत आयझेन यांनी १९८५ च्या सुमारास तिसऱ्याची भर घातली : ‘हे माझ्या हातात आहे का?’ ही जाणीव. हीच नियोजित वर्तनाची उपपत्ती.

हा तिसरा घटक म्हणजे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांची ‘स्वक्षमता’ (१९७७), म्हणजे ‘मला हे जमेल’ हा विश्वास, वेगळ्या नावाने, असे काहींचे मत आहे. आयझेन यांनीही १९९१ मध्ये हे साम्य मान्य केले. २००२ मध्ये मात्र स्वक्षमता आणि नियंत्रणक्षमता (कृती करणे-न करणे आपल्या ताब्यात असणे) हे त्याचे दोन पोटभाग मानले. रुग्णांच्या बाबतीत ही विभागणी अधिक उपयुक्त वाटते. गुडघेदुखीच्या रुग्णाला चालायला मोकळी जागा नसणे ही एक अडचण; जागा असूनही ‘गुडघा साथ देईल का’ ही धास्ती निराळी. हालचालीने इजा होईल या टोकाच्या भीतीला ‘हालचालभय’ म्हणता येईल. ती मोजण्यासाठी टँपा मापनश्रेणी वापरतात.

जवळच्यांच्या अपेक्षेचा प्रभाव संशोधनात बहुधा सर्वांत क्षीण आढळतो. आर्मिटेज व कॉनर यांच्या २००१ च्या संकलित विश्लेषणानुसार (अनेक अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीनुसार) ही उपपत्ती व्यक्तिव्यक्तींच्या हेतूतील सुमारे ३९ टक्के तफावतीचा, तर वर्तनातील २७ टक्के तफावतीचा उलगडा करते. (हे आकडे सर्व प्रकारच्या वर्तनांचे आहेत, केवळ व्यायामाचे नव्हेत.)

म्हणजे हेतू असला तरी कृती होतेच असे नाही. हेतू आणि कृती यांतील ही दरी मानसशास्त्रज्ञ राल्फ श्वार्ट्सर यांच्या प्रतिमानात नियोजन व टिकाव धरण्याची स्वक्षमता यांनी भरली जाते. हृदयरोग पुनर्वसनातील रुग्णांच्या २००५ मधील एका अभ्यासाने त्याला पुष्टी दिली. त्याच अभ्यासगटातील फाल्को स्नीहोट्टा यांनी २०१४ मध्ये सहकाऱ्यांसह आयझेन यांची उपपत्ती निवृत्त करण्याची वेळ आल्याचे लिहिले; आयझेन यांनी त्याचा प्रतिवाद केला.