लग्नाला हेलिकॉप्टर: परवानगी नेमकी कुठे अडते

बुकिंगचे पैसे भरून मोकळं व्हायचं आणि लग्न आठवड्यावर आलं की परवानगीसाठी पळायचं, हे मी दर लग्नसराईत बघतो. निम्मे अर्ज त्यातच परत येतात.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. सोबत लग्नपत्रिका, आधार, हेलिकॉप्टर कंपनीचं पत्र, उतरण्याच्या जागेचा नकाशा आणि जागामालकाची संमती. पोलीस, तहसीलदार, बांधकाम विभाग यांचे अभिप्राय कार्यालय मागवतं. जिल्ह्यागणिक यादी थोडी बदलते, म्हणून पहिल्याच फेरीत ती लेखी मागून घ्या. नाहीतर फाईल नुसता ‘त्रुटी’ एवढा शेरा मारून परत येते आणि त्रुटी कोणती हे शोधण्यात दोन दिवस जातात. असं का करतात, मला आजवर कळलेलं नाही.

खरं घोडं अडतं ते संमतीपाशी. ‘वावर आमचंच आहे’ म्हणून लोक एका भावाची सही देतात. उतारा काढला की त्यावर वारलेल्या आजोबांचं नाव, शिवाय दोन आत्यांची. गेल्या उन्हाळ्यात एका मुलीचे वडील आत्याच्या एका सहीसाठी रात्रीच्या एसटीने नाशिकला जाऊन आले, चार दिवसांवर हळद असताना. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत घरबसल्या मिळतो, तो जागा ठरवण्याआधी काढा. वारसनोंद राहिली असेल तर त्या वावराचा नाद सोडा, कारण फेरफाराची नोटीसच 15 दिवसांची असते. कमी नावांचं, वरून विजेच्या तारा न गेलेलं दुसरं रान बघा.

तारखा मोजतानाही चूक होते. 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडा 5 दिवसांचा आहे. तुमच्या हिशेबातले 10 दिवस प्रत्यक्षात 6 ते 8 भरतात. निदान महिनाभर आधी अर्ज द्या.

आता कंपनीबद्दल.  ‘ओळखीच्यांचं हेलिकॉप्टर आहे, स्वस्तात येईल’ असं कुणी म्हणालं की थांबा. खासगी वापरासाठी नोंदलेलं हेलिकॉप्टर भाड्याने देता येत नाही. त्यासाठी डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, अनियमित (ठरावीक वेळापत्रक नसलेल्या) हवाई सेवेचा परवाना लागतो. त्याची प्रत मागा, मुदत बघा आणि येणाऱ्या हेलिकॉप्टरचा ‘व्हीटी’ने सुरू होणारा क्रमांक त्यात आहे का ते ताडून घ्या. उड्डाणाचा आराखडा, हवाई संरक्षण मंजुरी हे सगळं कंपनीने करायचं असतं. तुम्ही फक्त प्रवाशांची नावं आणि खरी वजनं द्या. वजन चोरू नका, त्यावरच किती जणांना बसवायचं ते ठरतं.

गोरज मुहूर्त असेल तर आधीच सांगतो, पाठवणी हेलिकॉप्टरने होणार नाही. अशी उड्डाणं सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच होतात आणि डिसेंबरात आपल्याकडे 6 च्या सुमारास सूर्य मावळतो. वऱ्हाड जेवून उठेपर्यंत पायलट निघून गेलेला असतो.

वरून फुलं टाकायची असतील तर ती परवानगी वेगळी. उडत्या हेलिकॉप्टरमधून काहीही टाकायला 1937 च्या विमान नियमांप्रमाणे लेखी मंजुरी लागते, जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र त्याला चालत नाही. ती कंपनीने घेतलेली आहे का, हे फुलांची ऑर्डर देण्याआधी विचारा.