शुगरची मोफत तपासणी आणि गोळ्या: ठाणे-नवी मुंबईत नाव कसं नोंदवायचं?

वयाची तिशी पूर्ण झाली की पात्रता झाली. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रातल्या या तपासणीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, रेशनकार्डही नाही. त्यामुळे दिघा, तुर्भे स्टोअर, कळवा, मुंब्रा इथं भाड्यानं राहणाऱ्यांनी भाडेकरार नाही म्हणून मागं राहू नये.

वेगळा अर्ज नसतो. आशाताई घरी येऊन ‘सीबॅक’ नावाचा फॉर्म भरतात, तोच अर्ज. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचं माप, व्यायाम आणि घरात कुणाला शुगर-बीपी आहे का, याला गुण असतात. समजा, बाई ४५ वर्षांची (२), रोज मिश्री लावते (२), कंबर ८५ सेंमी (१), आईला शुगर (२). झाले सात. चारच्या वर गेलं की तपासणीला आधी बोलावतात. कमी आले तरी तिशीपुढच्यांची तपासणी व्हायलाच हवी. मिश्रीला बऱ्याच जणी तंबाखू धरतच नाहीत. ती सांगा.

आशाताईंची फेरी दिवसा असते, तेव्हा धुणीभांड्याला किंवा नाक्यावर गेलेली माणसं सुटतात. अशांनी थेट केंद्रात जाऊन केसपेपर काढावा आणि ‘एनसीडी (म्हणजे शुगर-बीपीसारख्या न पसरणाऱ्या आजारांची) तपासणी करायची आहे’ असं सांगावं.

सोबत आधार किंवा मतदार ओळखपत्र, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या. १४ आकडी ‘आभा’ क्रमांक (सरकारी आरोग्य खाते क्रमांक) काढायचा असेल तर आधारला जोडलेला मोबाइल जवळ हवा, ओटीपी त्यावरच येतो. मुलाचा नंबर देऊन मुलगा कामावर, हा घोळ नेहमीचा.

बोटातून रक्त घेतल्यावर शुगरचा आकडा १४० किंवा जास्त आला तर डॉक्टरकडे पाठवतात. एवढ्यानं मधुमेह ठरत नाही. आठ तास उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, नाहीतर ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त आल्यावर निदान होतं. लोक नेमके इथंच गळतात, कारण उपाशी यायचं म्हणजे अर्धा खाडा. ठरल्या दिवशी केंद्र उघडताच पोहोचा, डबा सोबत ठेवा.

निदान झालं की मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या केंद्रातच मोफत मिळतात. गावी जाणार असाल तर आधी सांगून जास्तीच्या मागा. गरोदर बाईची तपासणी वेगळी असते, तिला वयाची अट नाही. पायाची जखम चिघळली तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या पालिका रुग्णालयात चिठ्ठी देतात. तिथं भरती व्हायची वेळ आली तर मात्र महात्मा फुले योजनेसाठी (राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना) रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र लागेल.