चार मीटरवरचा आवाज: फटाक्यांची चाचणी कशी घडत गेली

फटाक्याच्या आवाजावर भारतात आज जी मर्यादा आहे, ती ५ ऑक्टोबर १९९९ च्या अधिसूचनेने आली. पर्यावरण (संरक्षण) नियमांच्या पहिल्या परिशिष्टात एक नोंद वाढवली गेली: फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल (एआय) किंवा १४५ डेसिबल (सी) पीक यांपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवायचा नाही, विकायचा नाही, वापरायचा नाही. दिवाळीच्या आठवड्यात बातम्यांमध्ये नुसतं '१२५ डेसिबल' छापून येतं. चार मीटर आणि कंसातली अक्षरं गळून पडतात, आणि सगळी गोम नेमकी तिथेच आहे.

आधी अक्षरं. 'ए' म्हणजे कान खर्जातला आवाज जसा कमी ऐकतो, तशी वजावट करून घेतलेलं मोजमाप. 'आय' म्हणजे इम्पल्स. ध्वनिमापक यंत्र दाब क्षणाक्षणाला दाखवत नाही, एका ठरावीक काळावर त्याची सरासरी काढतं. हा काळ 'स्लो'वर १ सेकंद, 'फास्ट'वर १२५ मिलिसेकंद आणि 'इम्पल्स'वर ३५ मिलिसेकंद असतो. सुतळी बॉम्बचा मुख्य धक्का काही मिलिसेकंदांतच संपतो. तेवढी ऊर्जा जितक्या लांब काळावर पसरवाल तितका आकडा खाली येतो. त्यामुळे तोच बॉम्ब 'फास्ट'वर मोजला तर आकडा साधारण साडेपाच डेसिबलने कमी दिसतो आणि 'स्लो'वर साडेचौदाने. म्हणजे १३० चा नापास फटाका यंत्राचं एक बटण बदललं की १२४.५ वर पास! चाचणीच्या अहवालात यंत्र कोणत्या स्थितीत होतं हे लिहिलेलं नसेल, तर त्यातल्या आकड्यावर विसंबू नये. 'सी' मोजमापात खर्जाची वजावट जवळपास नसते, आणि 'सी पीक'मध्ये ही पळवाटही नाही. तिथे सरासरी नसते, दाबाचा सर्वांत उंच क्षण तेवढा पकडला जातो. मात्र बाजारातली साधी हातातली यंत्रं बहुधा १३० डेसिबललाच थांबतात, १४५ चा माथा त्यांना दिसतच नाही. मोबाइलमधल्या ॲपबद्दल तर बोलायलाच नको. फोनचा मायक्रोफोन बोलणं टिपण्यासाठी असतो, धमाक्याला तो वरचा भाग सरळ छाटून टाकतो.

आता अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, निम्मं झालं की तेवढाच चढतो. चार मीटरवर १२५ म्हणजे दोन मीटरवर १३१ आणि एक मीटरवर १३७. वात पेटवून दोन पावलं मागे सरकणाऱ्या मुलाच्या कानावर पडतो तो आकडा हा, कागदावरचा नव्हे.

अधिसूचनेत चाचणीच्या जागेच्याही अटी आहेत. खाली किमान ५ मीटर व्यासाचा कडक काँक्रीटचा पृष्ठभाग हवा, कारण माती आणि गवत आवाज शोषून घेतात आणि फटाका आहे त्यापेक्षा मवाळ भासतो. आजूबाजूला १५ मीटरपर्यंत आवाज परतवणारं काही नको. हे १५ मीटर उगाच नाहीत. भिंत १५ मीटरवर असेल तर परतलेला आवाज यंत्रापर्यंत यायला किमान २६ मीटर चालतो, मूळ आवाजाच्या ६० मिलिसेकंदांहून जास्त मागे पडतो आणि १६ डेसिबलने तरी क्षीण झालेला असतो. तीच भिंत फटाक्यामागे पाच मीटरवर आली तर पडसाद तीसेक मिलिसेकंदांतच येतो, म्हणजे इम्पल्सच्या ३५ मिलिसेकंदांच्या आत, आणि आकडा फुगवतो. कारखानदार म्हणतात चाचणी चुकली, कार्यकर्ते म्हणतात फटाका चुकला, अशा वादात आधी मैदानाचा नकाशा मागावा.

अटी नीट वाचल्या तर त्यांतल्या फटीही दिसतात. ५ मीटर व्यासाच्या गोलाच्या मध्यावर फटाका फोडला तर काँक्रीट चारी बाजूंना अडीच मीटरवरच संपतं आणि ४ मीटरवरचं यंत्र काँक्रीटच्या बाहेर उभं राहतं. मायक्रोफोन किती उंचीवर हवा, एका जातीचे किती नग फोडायचे, सरासरी घ्यायची की सर्वांत मोठा आकडा धरायचा, हे अधिसूचना सांगत नाही. आणि वर जाऊन फुटणाऱ्या रॉकेटपासून 'फुटल्या जागेपासून चार मीटर' कुठे उभं राहायचं, हेही नाही.

माळेसाठी वेगळा हिशेब आहे. माळेतल्या प्रत्येक फटाक्याची मर्यादा ५ लॉग एन इतकी कमी करायची. 'एन' म्हणजे माळेतले फटाके आणि लॉग दहाच्या पायावरचा. शंभराच्या माळेत प्रत्येक लवंगी ११५ च्या आत हवी, हजाराच्या माळेत ११० च्या आत, दहा हजाराच्या माळेत १०५ च्या आत. ऊर्जेचा चोख हिशेब केला तर कपात १० लॉग एन हवी होती. नियमाने अर्धीच घेतली, तेव्हा हजाराची माळ कायद्यात बसूनही एका बॉम्बच्या कितीतरी पट ऊर्जा कानात ओतते. ही तडजोडच होती.

या मर्यादेची अंमलबजावणी स्फोटक विभागाकडे सोपवली गेली, आणि तिथून एक अवघडलेपण सुरू झालं. हा विभाग १८९८ चा, त्याच्या मागचा कायदा १८८४ चा. आता त्याला पेसो (पेट्रोलियम अँड एक्स्प्लोझिव्ह्ज सेफ्टी ऑर्गनायझेशन) म्हणतात आणि त्याचं मुख्यालय नागपुरात आहे. १९४० च्या स्फोटक नियमांनंतर फटाक्यांचा धंदा परवान्याखाली आला आणि त्याच सुमारास शिवकाशीत कारखाने उभे राहिले. या सगळ्या काळात चाचणीचा अर्थ एकच होता: दारू बनवताना, भरताना, वाहून नेताना ती अवेळी पेटेल का? घर्षणाला, आघाताला, उष्णतेला ती किती हळवी आहे? २७ जानेवारी १९९२ ची अधिसूचना याच विचारातली. गंधक आणि क्लोरेट यांचं मिश्रण तिने बंद केलं. पोटॅशियम क्लोरेट स्वस्त आणि जोरदार, पण ओलसर गंधकातल्या आम्लाच्या अंशानेही ते बिथरतं आणि खलताना, ठासताना, कधी नुसतं ठेवल्या जागीही पेटतं. तेव्हापासून आवाजाच्या फटाक्यात सोरा (पोटॅशियम नायट्रेट), गंधक आणि ॲल्युमिनियमची पूड हा मेळ रूढ झाला. कामगाराच्या जिवाची चाचणी करणाऱ्या खात्याला १९९९ मध्ये शेजाऱ्याच्या कानाचीही चाचणी करायला सांगितलं गेलं.

१८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाच्या खटल्यात निकाल दिला. रात्री १० ते सकाळी ६ आवाजी फटाक्यांना बंदी, हा भाग सगळ्यांना माहीत आहे. चाचणीच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग दुसरा. फटाके आवाजाचे आणि रंग-उजेडाचे असे दोन गटांत वाटावेत, प्रत्येक जातीसाठी रसायनांचं प्रमाण आणि जास्तीत जास्त वजन विभागाने ठरवून द्यावं आणि ते खोक्यावर छापावं, असं न्यायालयाने सांगितलं. रस्त्यावर फुटणारा प्रत्येक फटाका कोण मोजणार? त्यापेक्षा आत काय भरलंय ते बांधून टाका, असा त्यामागचा विचार.

अमेरिका हे आधीपासून करत आली आहे. तिथे जमिनीवर फुटणाऱ्या ग्राहक-फटाक्यात ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आवाजी दारू चालत नाही, आकाशात फुटणाऱ्यात १३० मिलिग्रॅमपर्यंत. वात ३ सेकंदांपेक्षा आधी आणि ९ सेकंदांपेक्षा उशिरा संपता कामा नये. १९८९ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन फायरवर्क्स स्टँडर्ड्स लॅबोरेटरी ही संस्था चीनमधला माल जहाजावर चढण्याआधीच तपासते. युरोपने मात्र आवाज आणि अंतर यांची सांगड ठेवली. एफ१, एफ२, एफ३ अशा श्रेणी, सुरक्षित अंतर अनुक्रमे किमान १, ८ आणि १५ मीटर, आणि त्या अंतरावर कमाल १२० डेसिबल. आपली मर्यादा ८ मीटरवर नेली तर ११९ भरते, म्हणजे ती एफ२ च्या जवळपास जाते. फरक असा की तिथे श्रेणी खोक्यावर असते, त्यामुळे किती लांब उभं राहायचं ते गिऱ्हाइकाला कळतं. आपल्याकडे फटाका फक्त पास किंवा नापास.

वजन बांधण्याचीही मर्यादा आहे. आवाज नुसत्या दारूवर ठरत नाही, ती किती घट्ट कोंडली आहे त्यावर ठरतो. सुतळीचे वेढे आवळून पडले, कागदाचा एक थर जास्त बसला किंवा ॲल्युमिनियमची पूड आणखी बारीक निघाली, तर तेवढ्याच वजनात जास्त धमाका होतो. सुतळी ढिली असेल तर फुसका बार. भरण्या-गुंडाळण्याचं बरंचसं काम हाताने होतं, तेव्हा एकाच खोक्यातले दोन नग सारखा आवाज देतील याची हमी नाही. म्हणूनच एक नग फोडून दिलेला निकाल फारसा कामाचा नसतो.

इथवर सगळा विचार आवाजाचा होता. धुराचा प्रश्न पुण्यात झालेल्या एका मोजणीने ठसठशीतपणे पुढे आणला. २०१६ मध्ये चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सहा लोकप्रिय फटाके नेहमी जितक्या जवळून पेटवले जातात तेवढ्या अंतरावर मोजले. अडीच मायक्रॉनच्या सूक्ष्म कणांची सर्वोच्च पातळी नागगोळीत घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅम निघाली. हजाराच्या माळेत ३८,५४०, फुलबाजीत १०,३९० आणि अनारात ४,८६०. नागगोळीला आवाज शून्य. म्हणजे १९९९ च्या कसोटीवर पूर्ण निर्दोष असलेला, लहान मुलांच्या हाती निर्धास्त दिला जाणारा फटाका धुरात सगळ्यांच्या वर.

दरम्यान २०१५ मध्ये दिल्लीतल्या तीन तान्ह्या मुलांच्या नावाने त्यांच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात फटाक्यांविरुद्ध याचिका दाखल केली होती. अर्जुन गोपाल खटला तो हाच. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने अँटिमनी, लिथियम, पारा, आर्सेनिक आणि शिसं यांच्या संयुगांना फटाक्यांत मनाई केली. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने बेरियमचे क्षार बंद केले, माळा बंद केल्या आणि फक्त कमी उत्सर्जनाचे व हरित फटाके चालतील असं ठरवलं. ५ लॉग एन ज्या मालासाठी होतं तो मालच बेकायदा ठरला. बाजारातून तो गेला असं मात्र म्हणवत नाही.

हरित म्हणजे काय, हे ठरवायचं काम नागपूरच्याच नीरीकडे, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे आलं. व्याख्या सापेक्ष आहे. नेहमीच्या फटाक्याच्या तुलनेत कणांमध्ये किमान ३० टक्के घट, किंवा कणांमध्ये २० टक्के आणि वायूंमध्ये १० टक्के. त्यासाठी कवच लहान करायचं, भरताड म्हणून राख घालायची नाही, कच्चा माल एकसारख्या प्रतीचा घ्यायचा आणि धूळ दाबणारे घटक मिसळायचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये बाजारात आणलेल्या प्रकारांपैकी 'स्वास' पाण्याची वाफ सोडून धूळ दाबतो, 'स्टार' थर्माइटवर (धातूची पूड आणि धातूचा ऑक्साइड यांच्या मिश्रणावर) चालतो आणि त्यात सोरा-गंधक नसतो, 'सफल'मध्ये ॲल्युमिनियम कमीत कमी असतं.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. ३० टक्के घट म्हणजे ७० टक्के धूर शिल्लक, आणि हरित फटाका हा शांत फटाका नव्हे. आवाजासाठी तीच १२५ ची मर्यादा लागू आहे. दुसरी गोष्ट रचनेची. नीरी गोपनीयतेचा करार करून कारखानदाराला सूत्र देते आणि त्याच सूत्राच्या मालाची उत्सर्जन-चाचणीही नीरीच करते. संस्थेच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायचं कारण नाही, पण ज्याने पाककृती दिली त्यानेच गुण द्यायचे, याला स्वतंत्र परीक्षण म्हणणं जड जातं.

हरित फटाक्याच्या खोक्यावर छापलेल्या क्यूआर कोडचंही तसंच. कोड सांगतो तो नोंदणीचा तपशील, खोक्यात प्रत्यक्ष काय आहे ते नव्हे. छापलेलं चित्र असल्याने त्याची नक्कल सोपी, आणि ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाला बनावट कोडची दखल घ्यावी लागली. त्याआधी सीबीआयच्या अहवालात बंदी असूनही बेरियम वापरलं जात असल्याचं पुढे आलं होतं. बेरियम सुटत नाही याला व्यावहारिक कारण आहे. बेरियम नायट्रेट हिरवा रंग देतं आणि प्राणवायूही पुरवतं. फुलबाजीच्या तारेवरचा लेप आणि अनारातला झोत त्यावरच बेतलेले होते. सुधारित सूत्रात बेरियम आणि माळा यांना परवानगी द्या, ही उत्पादकांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये फेटाळली.

मुंबईत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि ध्वनिप्रदूषणाविरुद्ध काम करणारी आवाज फाउंडेशन ही संस्था दिवाळीआधी चेंबूरच्या आरसीएफ मैदानावर फटाके फोडून मोजतात. इथे वेगळेपण नमुन्याचं आहे. कारखान्याने निवडून पाठवलेला नग इथे नसतो, दुकानातून विकत आणलेलं खोकं असतं. आवाजात बहुतेक फटाके मर्यादेत बसू लागल्यावर आवाज फाउंडेशनने तेच फटाके रासायनिक विश्लेषणासाठी प्रयोगशाळेत पाठवायला सुरुवात केली, आणि हरित शिक्का असलेल्या खोक्यांतही बेरियम सापडलं.